कॉन्टेसाला कॅम कोणता?

मसल कार म्हटलं की भारतात एकाच गाडीचं नाव पुढे येतं, हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा. ब्रिटनच्या वॉक्सॉल व्हिक्टरच्या एफई मालिकेवर बेतलेली ही गाडी 1984 पासून पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात बनू लागली आणि 2002 मध्ये बंद झाली. लांबलचक बॉनेट, रुंद छाती, बसायला ऐसपैस. पण सुरुवातीच्या गाड्यांच्या त्या बॉनेटखाली अ‍ॅम्बॅसडरचंच 1489 सीसीचं इंजिन होतं, सुमारे 50 अश्वशक्तीचं. पुढे इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन आलं, 88 अश्वशक्तीच्या घरातलं. लोक कॉन्टेसाच्या वेगाच्या गोष्टी सांगतात त्या या दुसऱ्या गाडीच्या. आमच्या घरातली गाडी पहिल्या जातीची.

ती लातूरला माझ्या मावसबहिणीकडे असते. तिच्या वडिलांनी, म्हणजे काकांनी, आडतीच्या धंद्यातून घेतली होती, आता बहीण चालवते. हल्ली गाडीचं इंजिन नांदेडला मामांच्या गॅरेजमध्ये उघडं पडलंय, कारण कॅमशाफ्टच्या आठ लोबांपैकी एक पार झिजलाय आणि त्याखालच्या टॅपेटच्या तोंडाला खड्डा पडलाय. नवा कॅम लागणार हे नक्की. कोणता, यावरून बहिणीचं आणि मामांचं वाजलं. बहीण इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवते. मामांचं निम्मं आयुष्य अ‍ॅम्बॅसडर टॅक्स्यांखाली गेलंय. त्यांचं बोलणं मी शक्य तितकं तसंच देतोय. जुनी गाडी कपाटात न ठेवता रस्त्यावर चालवणाऱ्या कोणालाही कधी ना कधी हा प्रश्न पडणार आहे.

भाची : मामा, इंजिन खोललंच आहे, तर तोच मवाळ कॅम परत कशाला घालायचा? बाराशे किलोच्या आसपासची गाडी आणि पन्नास घोडे. चढावर मागचा टेम्पो हॉर्न मारतो. मला 280 डिग्रीचा कॅम टाकायचाय. ब्रिटनमध्ये जुन्या एमजी गाड्यांसाठी असे कॅम अजून मिळतात आणि इंजिनाचं घराणं एकच आहे, बीएमसीचं बी-सिरीज.

मामा : घराणं एक आहे, मान्य. पण मला आधी हे सांग माय, तू गाडी चालवतीस किती आरपीएमवर?

भाची : म्हणजे?

मामा : म्हणजे घरून निघालीस, गंजगोलाईत शिरलीस. सोळा रस्त्यांची गर्दी तिथं येऊन मिळती. दुसऱ्या गिअरात हजार-दीड हजारावर रांगायचं. तिथून बाहेर पडून चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेड. चौथ्यात ऐंशीला इंजिन तीन हजारांच्या आसपास फिरतंय. ट्रकच्या मागं अडकलीस की पन्नासवर आलीस, म्हणजे दोन हजारांच्या खाली. तिथून गाडी उचलायला पाहिजे. आता तुझ्या त्या 280 वाल्याची ताकद कुठं सुरू होती?

भाची : तीन, साडेतीन हजारांनंतर.

मामा : झालं तर. तू जिथं राहतीस तिथं त्याचं दुकान बंद आणि तू जिथं कधी जात नाहीस तिथं त्याची जत्रा.

इथे जरा थांबून सांगायला हवं. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्याच्यावरचा उंचवटा, म्हणजे लोब, टॅपेट, पुशरॉड आणि रॉकर यांच्यामार्फत व्हॉल्व्ह ढकलतो. व्हॉल्व्ह किती उघडायचा ही झाली लिफ्ट. क्रँकच्या किती अंशांत तो उघडा ठेवायचा ही ड्युरेशन. 280 डिग्री ती ही. पिस्टन खाली जायला 180 अंशच लागतात, मग व्हॉल्व्ह शंभर अंश जास्त उघडा का ठेवायचा? कारण हवेला वजन असतं. इंजिन जोरात फिरत असताना आत धावणारी हवा पिस्टन तळाला पोचून वर वळला तरी थांबत नाही, आपल्याच जोराने सिलिंडरमध्ये शिरत राहते. व्हॉल्व्ह उशिरा मिटला की तेवढी हवा फुकट मिळते. पण इंजिन सावकाश फिरत असेल तर त्या हवेत जोर नसतो. वर येणारा पिस्टन आत घेतलेलीच हवा उघड्या व्हॉल्व्हमधून परत ढकलून देतो. कॅम ताकद निर्माण करत नाही, ती कोणत्या आरपीएमला मिळावी एवढं ठरवतो. या सगळ्या वादाचं मूळ तिथे आहे.

भाची : पण मामा, एमजीए घ्या. 1955 ची. तेच बोअर, तोच स्ट्रोक, तेच 1489 सीसी. तिला पहिल्यांदा 68 अश्वशक्ती होती, पुढं 72 झाली, साडेपाच हजार आरपीएमला. त्याच इंजिनातून! मग आपल्याला पन्नासात का बसवलं?

मामा : कारण तुझी एमजीए दोन सीटांची, नऊशे किलोची. तिला दोन कार्ब्युरेटर. कॉम्प्रेशन 8.3. आपल्या हेडवर ते सव्वासाताच्या आसपास. तिचं हेडच वेगळं. वीस घोडे वाढले त्यातले कॅमचे किती, कार्ब्युरेटरचे किती, कॉम्प्रेशनचे किती, हे कोण वेगळं करून देणार? तू एकटा कॅम उचलून आणणार आणि बाकी सगळं तसंच ठेवणार.

भाची : एमजीएचा कॅम 252 डिग्रीचा होता. इनलेट 16 अंश आधी उघडायचा, तळानंतर 56 ला मिटायचा.

मामा : मग तो माग ना. 280 कशाला?

बहीण गप्प बसली नाही, वही काढून बसली. तिला कोणी सांगितलेलं पटत नाही, स्वतः काढलेलं पटतं, आणि हा तिचा गुण मला फार आवडतो. बी-सिरीजचा स्ट्रोक 88.9 मिलिमीटर, कनेक्टिंग रॉड साडेसहा इंच. व्हॉल्व्ह मिटतो त्या क्षणी पिस्टन कुठे असतो ते तिने त्रिकोणमितीने काढलं, कारण खरं दाबणं तिथून सुरू होतं. हेडवरचं कॉम्प्रेशन 7.2 धरलं. इनलेट तळानंतर 45 अंशांवर मिटत असेल तर प्रत्यक्षातलं कॉम्प्रेशन उरतं सुमारे 6.5. एमजीएप्रमाणे 56 वर मिटला तर 6.1. आणि 280 डिग्रीच्या, 70 अंशांवर मिटणाऱ्या कॅमला साडेपाच.

भाची : साडेपाच फारच कमी आहे.

मामा : तेच म्हणतोय मी. मला ते आकड्यात येत नव्हतं. अशी गाडी अ‍ॅक्सिलरेटर दाबला की नुसती फुरफुरती, उचलत नाही.

भाची : मग हेड घासून कॉम्प्रेशन वाढवू. नवाला नेलं तर साडेपाचाचं पावणेसाताच्या वर होतं.

मामा : घासशील. मग जिथं कॅम भरभरून श्वास घेतो, तिथं वरच्या आरपीएमला चैत्र-वैशाखात चढावर नॉकिंग आलं तर? 43-44 डिग्री असतं नांदेडात. बॉनेटखाली किती असेल याचा विचार कर.

यावर मात्र माझं मत बहिणीच्या बाजूचं आहे. नऊ कॉम्प्रेशन आजच्या पेट्रोलला जड नाही, इथेनॉल मिसळल्यामुळे तर नॉकिंगची भीती कमीच झालीय. इथेनॉलची खरी अडचण दुसरी: जुने रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरमधली वॉशरं त्यापुढे टिकत नाहीत, आणि मिश्रण पातळ पडतं म्हणून जेट बदलावा लागतो. उन्हाचं म्हणाल तर 44 डिग्रीच्या हवेत 15 डिग्रीच्या हवेपेक्षा नऊ टक्के कमी माल असतो. शिवाय नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात आणि लातूर बालाघाटच्या पठारावर, सहाशे मीटरच्या वर. तिकडे हवा आणखी थोडी विरळ. ही तूट जगातला कोणताही कॅम भरून देत नाही.

मामांचा खरा हुकमी मुद्दा पुढे आला. त्यांनी उतरवलेलं हेड टेबलावर उलटं ठेवलं आणि बोट इनलेटच्या भोकांत घातलं. सिलिंडर चार, इनलेटची भोकं दोनच. एक भोक पहिल्या-दुसऱ्याचं, एक तिसऱ्या-चौथ्याचं. आत गेल्यावर भिंत फाटते आणि दोन व्हॉल्व्हांकडे दोन वाटा जातात. काजळीने काळवंडलेल्या त्या दुबेळक्यावर त्यांनी बॅटरीचा उजेड पाडला. दुसऱ्या सिलिंडरकडची भिंत पहिल्यापेक्षा स्पष्टपणे वेगळ्या रंगाची होती, करडी, जवळजवळ कोरडी.

मामा : हे बघ. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2. दुसऱ्यानं हवा ओढली की लगेच पहिला ओढतो. दोघं एकाच भोकातून. एका विहिरीवर दोन मोटारी, आणि दुसरी चालू झाली तरी पहिलीनं बटण बंद केलेलं नाही. पाणी कोणाला कमी पडणार?

भाची : थांबा. दुसऱ्याचा इनलेट मिटायच्या आधी पहिल्याचा उघडतो. जुन्या मवाळ कॅमला तळानंतरचे 45 आणि आधीचे 5, म्हणजे पन्नास अंश दोन्ही एकदम उघडे. एमजीएला 56 आणि 16, बहात्तर अंश. 280 ला सत्तर आणि तीस.

मामा : शंभर.

भाची : शंभर अंश एक सिलिंडर दुसऱ्याच्या तोंडचं ओढणार.

मामा : आणि मग एकाचा प्लग काळा, एकाचा पांढरा. तू कार्ब्युरेटर कितीही जुळव, चौघांना एकसारखं मिळत नाही. अ‍ॅम्बॅसडरला मोठा कॅम घातलेल्या गाड्या माझ्याकडं आल्यात. घालणारे हौशी, आणि आणणारेही तेच, तो काढा म्हणून.

मोठा कॅम घाला हा अमेरिकन मासिकांतला सल्ला जसाच्या तसा आपल्याकडे का लागू पडत नाही, याचं अर्धं उत्तर या दुबेळक्यात आहे. उरलेलं अर्धं आकारात. 1964 च्या पाँटिअ‍ॅक जीटीओ या अमेरिकन मसल कारमध्ये आठ सिलिंडरांचं 6.4 लिटरचं इंजिन होतं. एकेक सिलिंडर आठशे सीसीच्या जवळ. आपला एक सिलिंडर 372 सीसीचा. खालच्या आरपीएमला जीटीओकडे उधळायला ताकद होती. मोठ्या कॅमने त्यातली थोडी खाल्ली तरी गाडी चालकाला ते कळूही देत नसे. शिवाय तिथे प्रत्येक सिलिंडरला आपापली इनलेटची वाट. तिकडे रस्त्यावर चालणारा कॅम आपल्या पन्नास घोड्यांच्या गाडीत घातला की ती गर्दीत दम टाकते.

आणि आवाज. बहिणीने तो मुद्दा बराच वेळ मनात ठेवला होता.

भाची : खरं सांगू का, मला तो आवाजही पाहिजे. स्लोवर उभी असताना गाडी हलकी हलकी झुलते, ढुग् ढुग् करते, तो.

मामा : बुलेटवाल्यांनी बिघडवलंय तुम्हाला.

भाची : हसू नका मामा. बाबांना पण तो आवाज आवडला असता.

मामा : हसत नाही गं. पण तो आवाज कशाचा असतो माहितीये ना? एक्झॉस्ट अजून मिटला नाही आणि इनलेट उघडला. दोन्ही उघडे असतात तेवढ्या वेळात जळालेला धूर मागं येतो, नव्या मालात मिसळतो. स्लोवर एखादा फायर चुकतो, एखादा लागतो. तेच झुलणं. आणि जो चुकला त्याचं पेट्रोल न जळता सायलेन्सरमधून बाहेर. तुला पीयूसी पाहिजे ना?

भाची : पाहिजे.

मामा : मग? मशीनची नळी सायलेन्सरमध्ये घालतात तेव्हा गाडी स्लोवरच असती. आपल्या वयाच्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड तीन टक्के आणि हायड्रोकार्बन पंधराशे पीपीएमची मर्यादा आहे. आणि व्हॅक्यूम पडला की ब्रेकचा बूस्टर पण ढिला. मोंढ्यात भरल्या बाजारात पेडल दगडासारखं लागलं तर?

ब्रेकचा मुद्दा वादाचा नाहीच, आणि इथे मी पूर्णपणे मामांच्या बाजूचा आहे. इंजिन स्लोवर असताना इनटेकमध्ये जो व्हॅक्यूम तयार होतो त्यावर बूस्टर जगतो. लांब ड्युरेशनचा कॅम तो व्हॅक्यूम कमी करतो. गर्दीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत एवढं एक कारणसुद्धा पुरेसं आहे. कागदपत्रांचंही तसंच. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करावी लागते आणि तेव्हा गाडी तपासली जाते. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेजचा वेगळा दर्जा दिला, पण त्या रोजच्या वापरात आणता येत नाहीत. पहिल्यात पहिली कॉन्टेसाही 2034 च्या आधी त्या रांगेत बसत नाही. बहिणीची गाडी रोजच्या रस्त्याचीच राहणार.

इतकं झाल्यावर मामा जिंकले असं कोणालाही वाटेल. मग बहिणीने विचारलं ते त्यांना अडवणारं होतं.

भाची : बरं, 280 सोडला. आता तुम्ही सांगा, तुम्ही कोणता घालणार?

मामा : ओरिजिनल.

भाची : ओरिजिनल कुठाय? कारखाना बंद झाला. बाजारात डब्यावर ओरिजिनल लिहिलेला मिळतो, तो कोणी घासलाय, किती डिग्रीचा आहे, तुम्ही कधी मोजलाय?

मामा : खुणा जुळवून बसवतो की. चेनच्या चाकावर ठिपके असतात.

भाची : ठिपके जुळले म्हणजे चाकं जुळली. लोब कुठं आहे ते कुठं कळलं? आणि ही चेन बघा, एवढी ढिली. चेन वाढली की कॅम मागं पडतो, इनलेट उशिरा मिटतो. तुम्ही ज्याला ओरिजिनल म्हणता तो आमच्या गाडीत कित्येक वर्षं ओरिजिनल जागेवर नव्हताच.

मामांनी चेन हातात घेऊन आडवी धरली. नवी चेन आडवी धरली तर जवळजवळ सरळ राहते. ही धनुष्यासारखी वाकली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग दोघांनी मिळून मोजलं. जुना कॅम आणि हेड परत बसवलं, क्रँकच्या तोंडावर अंशांच्या खुणांची चकती, टॅपेटवर डायल गेज. पिस्टन वरच्या टोकाला नेमका केव्हा येतो हे नुसत्या नजरेने ठरत नाही, कारण टोकाजवळ तो काही अंश हललेला दिसतच नाही. त्यासाठी प्लगच्या भोकातून एक बोल्ट सोडून पिस्टन दोन्ही बाजूंनी त्यावर टेकवायचा आणि चकतीवरच्या दोन आकड्यांचा मध्य घ्यायचा. ही युक्ती मामांना माहीत नव्हती असं नाही, टॅक्सीला कोण एवढं करतं असं त्यांचं म्हणणं. मोजल्यावर दिसलं की कॅम चांगलाच मागे पडला होता. चढावर टेम्पो हॉर्न मारत होता त्याचं एक कारण तिथे सापडलं.

मामा : म्हणजे नवी चेन घातली असती तरी निम्मी तक्रार गेली असती.

भाची : निम्मी. उरलेल्या निम्म्यासाठी मला 252 पाहिजे.

मामा : घे. पण पैसे पाठवायच्या आधी तीन मापं. कॅमचे तिन्ही जर्नल. चेनच्या चाकाचं बसणं. आणि ऑइल पंप आणि डिस्ट्रिब्युटर फिरवणारा गिअर. या कॅमवरूनच दोघं फिरतात. एमजीच्या वेगवेगळ्या सालांत त्यात फरक आहे. इथं आल्यावर बसला नाही तर परत पाठवायचं भाडं कॅमपेक्षा जास्त.

भाची : आणि जुनाच कॅम घासून 252 चा केला तर? पुण्यात करून मिळेल.

मामा : मिळेल, पण कडक थर वरवरचा असतो. तो घासला गेला की खाली मऊ. पुन्हा वर्षात झिजला म्हणून येशील. शिवाय लोबचा तळ लहान होतो, पुशरॉडची लांबी बघावी लागती. काहीही कर, टॅपेट आठही नवे. जुन्या टॅपेटवर नवा कॅम घालायचा नाही.

भाची : हेड किती घासायचं?

मामा : घासायचं नाही.

भाची : मामा, 56 ला मिटणारा कॅम आणि 7.2 चं हेड म्हणजे 6.1. तुमच्याच तक्रारीतली गाडी. सव्वाआठ-साडेआठ तरी करूच. एमजीएनं तेच केलं होतं.

मामा : आठ.

भाची : सव्वाआठ.

हा सौदा मी तिथे होतो तोवर पटला नव्हता. माझ्या मते सव्वाआठ बरोबर आहे, कारण कॅम आणि कॉम्प्रेशन ही जोडी एकत्रच निवडायची असते. एकाला हात लावून दुसऱ्याला तसंच ठेवलं की पैसे जातात आणि गाडी होती त्याहून मंद होते. मामांची धास्ती मला कळते. त्यांनी उन्हाळ्यात हेडगॅस्केट उडालेल्या गाड्या रस्त्याच्या कडेला बसून दुरुस्त केल्यात.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं पहिल्यापासून एकमत होतं, ती म्हणजे नवा कॅम बसवल्यानंतरची पहिली वीस मिनिटं. लोब आणि टॅपेट यांची गाठ इंजिनातली सगळ्यात कडक घासण आहे आणि तिथे तेल मुख्यतः क्रँक फिरताना उडतं तेवढंच पोचतं. स्लोवर ते पुरत नाही. म्हणून लोबांना जाड पेस्ट लावायची, टायमिंग आणि कार्ब्युरेटर आधीच जुळवून ठेवायचा, सेल्फ मारत बसायचं नाही, आणि इंजिन लागलं की थेट दोन हजारांवर नेऊन वीसेक मिनिटं खाली येऊ द्यायचं नाही. तेलाचंही बघायला हवं. हल्लीच्या पेट्रोल गाड्यांच्या तेलात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी जस्त-फॉस्फरसचं संयुग कमी केलेलं असतं, आणि जुन्या चपट्या टॅपेटला नेमकं तेच वाचवतं.

भाची : म्हणून डिझेल ट्रकचं तेल घालता तुम्ही?

मामा : कशामुळं ते मला माहीत नव्हतं. ते घातलेल्या टॅक्स्यांचे कॅम टिकायचे, एवढं माहीत होतं.